जरा मला धरू द्या

आमच्या ह्यांचा जन्म वेंगुर्ल्याचा आणि सगळी नोकरी भोपाळची. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसानं 34 वर्षं तलावाकाठी काढली, आणि त्याचा सूड म्हणून घरात आम्हाला समुद्राच्या गोष्टी ऐकाव्या लागल्या. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून खाडीवर गरी घेऊन बसायचं, आमिषाला कोलंबी, कधी काळुंदर लागायचं, नशीब जोरावर असेल तर एखादी तांबोशी. या तांबोशीचं वजन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हळूहळू वाढत गेलं आहे, हे मी वाचकांना विश्वासात घेऊन सांगते.

पण खाडीच्या तोंडापलीकडे मात्र हे कधी गेले नव्हते. सासरे शाळामास्तर. त्यांचा दंडक होता, की खाडीत काय ते करा, बाहेर समुद्रात पाऊल टाकायचं नाही. बाहेर गाबितांच्या होड्या जायच्या. त्यांची परतायची वेळ झाली की हे काठावर उभे राहून बघायचे. ती एक इच्छा मनात राहून गेली होती. निवृत्तीनंतर ती डोकं वर काढणार, तोच छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले आणि आमच्या घरात समुद्राऐवजी कोलेस्टेरॉलचा विषय सुरू झाला.

वर्षभरानं चिरंजीवांनी परस्पर बेत ठरवला. "बाबांना अंदमानला नेऊ. एक दिवस बोट घेऊ, खोल समुद्रात मासे पकडायला." चार्टर बोट म्हणजे कप्तान, त्याचा मदतनीस आणि मासेमारीच्या सगळ्या सामानासकट अख्खी बोट दिवसभरासाठी भाड्यानं घ्यायची. तिला किती पैसे पडले तो आकडा मी इथे लिहीत नाही. तेवढ्यात भोपाळच्या बाजारातून आम्हा चौघांना दोन वर्षं मासळी आणता आली असती.

आता एक कबुली. तपासणीच्या वेळी ह्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "अंदमानला जातोय, बोटीतून जरा फेरफटका मारू." डॉक्टर म्हणाले, "जा की. ओझं उचलू नका, दमछाक करू नका." 'फेरफटका' या शब्दात काय काय दडलंय, हे मला ठाऊक होतं. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते आणि मी गप्प राहिले. माणूस वर्षभरानं पहिल्यांदा असा खुलला होता, माझ्यानं बोलवलं नाही.

आपली मराठी माणसं अंदमानला जातात ती आधी सेल्युलर जेल बघायला. आम्हीही गेलो. सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून उभे राहिलो. मग सगळे गच्चीवर गेलो, तर हे खालच्या पाण्याच्या रंगाकडे बघत उभे. 2024 पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम झालंय, आणि हॅवलॉक बेट तर 2018 च्या अखेरीलाच स्वराजद्वीप झालं. तरी बोटीवाले, रिक्षावाले सगळे जुनीच नावं घेतात. आमची बोट हॅवलॉकहून निघायची होती.

आदल्या रात्री चिरंजीवांनी बाबांना या खेळाचे नियम समजावले. 1939 साली स्थापन झालेली गेम फिशिंगची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, ती जगातले विक्रम नोंदवते. तिचा एक कडक नियम असा, की मासा लागल्यापासून बोटीशी येईपर्यंत दुसऱ्या कुणी रॉडला, रिळाला किंवा दोरीला हात लावला, तर तो मासा तुमचा धरला जात नाही. आमचा कुठला विक्रम होणार होता? पण ह्यांनी तो नियम एकदम मनावर घेतला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? कुणी मध्ये हात घालायचा नाही." सूनबाई आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

अंदमानात घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपला नाही. बेटं इतकी पूर्वेला आहेत की फेब्रुवारीत सहाच्या आधी लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवेलागण. आम्ही पहाटे पाचला धक्क्यावर हजर होतो. कप्तान पन्नाशीचे बंगाली गृहस्थ. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटांवर जमिनी दिल्या गेल्या, त्यांच्यातल्याच एका कुटुंबातले. ह्यांना ते 'दादा' म्हणायला लागले आणि मला 'बौदी', म्हणजे वहिनी. मदतनीस मायाबंदरकडचा करेन मुलगा, विशी-बाविशीचा. करेन लोकांना इंग्रजांनी 1925 साली ब्रह्मदेशातून इथे आणलं. समुद्रात आणि जंगलात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं कप्तानांनीच सांगितलं. तो मुलगा फारसं बोलत नव्हता, पण बोटीवर अनवाणी असा चालत होता, की जणू बोट स्थिर आहे आणि हलतोय तो समुद्र.

माझ्या पिशवीची झडती झाली आणि डझनभर केळी बाहेर आली. कप्तानांचा चेहरा पडला. "बौदी, केला नहीं." बोटीवर केळं असलं की मासा लागत नाही, ही समजूत म्हणे जगभरच्या अशा बोटींवर आहे. केळी धक्क्यावरच्या एका पोराला दिली. पर्समधल्या केळ्याच्या वेफर्सबद्दल मी बोलले नाही. त्याच पर्समध्ये सॉर्बिट्रेटच्या गोळ्याही होत्या, आणि त्यासाठी मला ती पर्स कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

बायकांसाठी म्हणून दोन गोष्टी सांगते, कारण पुरुष लिहितात तेव्हा त्या राहून जातात. बोट ठरवताना तिच्यावर संडासाची सोय आहे का, हे न लाजता विचारा. पुष्कळ लहान बोटींवर ती नसते, आणि दिवस आठ-नऊ तासांचा असतो. दुसरं, साडीचा हट्ट नको. सलवार-कमीज, पूर्ण बाह्या, हनुवटीखाली बांधता येणारी टोपी. लाइफ जॅकेट शोभत नाही म्हणून काढून ठेवू नका. बोट लागणाऱ्यांनी गोळी बोटीवर चढायच्या आधी तासभर घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. कानातला तोल सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची खुर्ची स्थिर दिसते, या भांडणात पोट ढवळतं. म्हणून केबिनमध्ये जाऊन पडू नये, बाहेर मागच्या बाजूला बसून क्षितिजाकडे बघत राहावं. हे सगळं मला चिरंजीवांनी आदल्या दिवशी शिकवलं होतं. पहिल्या तासातच बोट लागली ती त्यालाच. माझा आलेपाक चघळत तो दुपारपर्यंत आडवा होता.

बेटं मागे पडली तसा पाण्याचा रंग पालटला. आधी हिरवा, मग निळा, मग शाईसारखा. कप्तानांनी खोली दाखवणाऱ्या यंत्राकडे बोट केलं. पडद्यावर तळाची रेघ उतरत चालली होती, साठ मीटर, नव्वद, मग एकदम दोनशेच्या खाली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर असं होत नाही. मुंबईसमोर समुद्राखालचं उथळ पठार सुमारे 300 किलोमीटर पसरलं आहे, तिथे दिवसभर बोट हाकली तरी खऱ्या अर्थानं खोल समुद्र लागायचा नाही. अंदमानची बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे. माथा सोडला की कडाच. म्हणून इथे सकाळी निघून संध्याकाळी परत येणाऱ्यालाही खोल पाणी भेटतं. मात्र सगळीकडे गळ टाकता येत नाही. हॅवलॉकजवळच्या बेटांभोवती 1996 पासून राणी झांसी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची हद्द कप्तानांना पाठ होती आणि ती त्यांनी लांबून वळसा घालून टाळली.

चालत्या बोटीमागे दोन दोऱ्या सोडल्या होत्या. पहिला लागला कुपा, तीनेक किलोचा. ह्यांनी तो पाच मिनिटांत आत घेतला आणि असे हसले की मला त्यांचे शाळेतले फोटो आठवले. तो रात्रीच्या जेवणासाठी बर्फात गेला. मग बोट थांबवून ऐंशी मीटर तळाशी गळ सोडला. हाताच्या अंतरावरून खाडीतला मासा काढायची सवय असलेल्या माणसाला ऐंशी मीटर दोरी गुंडाळताना घाम फुटला. मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी मान हलवली. वर आला तो मोठा हेकरू, आणि त्याच्या तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलेलं.

"याचं तर काळीज तोंडात आलंय," हे म्हणाले.

काळीज नव्हे, ते पोट असतं. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ऐंशी मीटरवर तो पृष्ठभागाच्या नऊपट होतो. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. त्याला झटक्यानं वर ओढला की दाब उतरतो, हवा फुगते आणि पोटाला तोंडावाटे बाहेर ढकलते. असा मासा नुसता सोडून दिला तर खाली जाऊच शकत नाही, वर तरंगत राहतो आणि मरतो. वजन अडकवून त्याला पुन्हा खोलवर पोचवायची युक्ती असते, पण हा फार दमला होता. कप्तान म्हणाले, हा ठेवू आणि आता तळाला गळ बास. एरवी हेकरूचं कालवण म्हटलं की यांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी हे त्या माशाकडे बराच वेळ बघत बसले. छातीवरून हात फिरवला तो सहज की कशामुळे, मी विचारलं नाही.

दुपारी बारानंतर बोट प्रवाळाच्या खडपाशी आली. एका बाजूला पाणी फिकट हिरवं, दुसऱ्या बाजूला काळंनिळं, मधली रेघ आखल्यासारखी. 'खोल समुद्रातली मासेमारी' म्हटलं तरी मोठी शिकारी मंडळी मधोमध अथांग पाण्यात बसत नाहीत. ती अशा कडेला दबा धरून असतात, लहान मासे जिथे कड्यावर येतात तिथे. यातला राजा म्हणजे जायंट ट्रेव्हॅली. त्याला सगळे नुसतं जीटी म्हणतात. रुंद डोकं, रागीट डोळा, रुपेरी अंग. 2006 मध्ये जपानच्या तोकारा बेटांजवळ पकडलेला जीटी जवळजवळ 73 किलोंचा होता. याच्यासाठी लाकडी नकली मासा लांब फेकून झटके देत ओढायचा असतो, तो पाण्यावर फटफट आवाज करत येतो.

हे काम चिरंजीवांचं होतं. चिरंजीव दोनदा फेकून पुन्हा आडवे झाले. सूनबाईंनी दहा-बारा वेळा फेकलं. मग हे उठले. "द्या इकडे." मी 'अहो' एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य मला सुचलंच नाही.

सातव्या की आठव्या फेकीला पाणी फुटलं. दुसरा शब्द नाही, कुणीतरी खालून पाण्यात दगड मारावा तसं फुटलं. रॉड वाकला, रीळ किंचाळलं आणि तंगूस सरसर बाहेर धावायला लागलं. मासा सरळ खडपाकडे निघाला होता, तिथे घासून दोरी कापायची हा त्याचा डाव. करेन मुलानं मागून यांचा पट्टा घट्ट धरला. कप्तानांनी बोट खोल पाण्याकडे वळवली. "दादा, ऊपर उठाओ... अब नीचे, घुमाओ!" रॉड वर उचलायचा, खाली नेताना गुंडाळायचं, पुन्हा उचलायचा.

पहिली पाच मिनिटं मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो आनंदी होता. मग तो बदलला. ओठ पांढरट झाले. घाम कपाळावरून नाही, कानामागून वाहत होता, आणि तो घाम मी यापूर्वी एकदा पाहिला होता, दवाखान्यात नेताना गाडीत. किनारा दोन तास दूर. पर्समध्ये हात घातला, गोळ्यांची पट्टी हाताला लागली.

"बाबा, माझ्याकडे द्या," सूनबाई म्हणाल्या.

"नाही! हात लावायचा नाही."

कप्तानांनी ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी असे पाहुणे बघितले असणार. मला ओरडता आलं असतं, 'सोडा तो रॉड, डॉक्टरांनी काय सांगितलंय!' ते सगळ्यांपुढे झालं असतं. करेन पोरापुढे, सुनेपुढे. आणि एवढं करून ह्यांनी ऐकलं असतं असंही नाही. यांचा हट्ट मी 38 वर्षं ओळखते, 'तुमच्यानं होणार नाही' म्हटलं की यांच्याकडून काही सुटत नाही.

मी जवळ गेले आणि म्हटलं, "अहो, जरा मला धरू द्या ना. एवढा मासा मला आयुष्यात परत कधी लागणार? मला बघायचंय कसं वाटतं ते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ कोण जाणे, मासा ओढतच होता. मग म्हणाले, "पाय फाकवून उभी राहा. डावा हात वर धर." आणि रॉड माझ्या हातात आला.

वाचकहो, मी स्वयंपाकघरात वीस किलोंचा गव्हाचा डबा सरकवते. हे तसलं वजन नव्हे. डबा तुमच्यावर रागावलेला नसतो. रॉड माझ्या हातात धडधडत होता, दोन्ही खांदे निघून येतील असं वाटत होतं. मुलानं माझा पट्टा धरला होता म्हणून मी बोटीत राहिले. मला गुंडाळता येईना. कप्तान म्हणाले, नुसतं धरा, बौदी, त्याला दमू द्या. मी नुसतं धरलं, दोन मिनिटं असतील. तेवढ्यात हे मागच्या बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि मला ऐकू आलं, "अगं, टोक खाली नको! टोक वर!" आवाज ठणठणीत होता. तो ऐकून माझ्या हातातलं बळच गेलं आणि मी रॉड सूनबाईंकडे दिला. तिनं ह्यांच्या सूचना ऐकत ऐकत, आणि त्यातल्या निम्म्या न मानता, मासा बोटीशी आणला.

शेपटीपर्यंत 104 सेंटिमीटर. वजन कप्तानांच्या अंदाजानं बावीसएक किलो. चिरंजीवांनी उठून फोटो काढला, त्यात त्यांचा अंगठा चांगला आला आहे. गळाला मागे ओढणारा काटा नव्हता, तो चिमट्यानं सहज निघाला. मग त्या मुलानं मासा दोन्ही हातांनी उचलला आणि डोकं खाली करून पाण्यात सोडला, म्हणजे पाणी जोरानं कल्ल्यांतून जातं आणि त्याला श्वास मिळतो. हा पृष्ठभागावर लागलेला, त्यामुळे त्या हेकरूसारखं त्याचं काही बिघडलं नव्हतं. शेपटीचा एक फटकारा आणि निळ्यात नाहीसा.

"सोडला?" हे उठून उभे. "बावीस किलो?" वेंगुर्ल्याच्या माणसाला हे समजावणं सोपं नव्हतं. कप्तानांनी समजावलं. हे मासे खडपावर मोजके असतात, मोठे व्हायला त्यांना वर्षं लागतात, आणि त्यांच्यासाठीच लांबून माणसं येतात. शिवाय प्रवाळातल्या फार मोठ्या शिकारी माशांच्या अंगात कधीकधी असं विष साठतं, जे शिजवूनही जात नाही. ह्यांनी शेवटचं कारण तेवढं मान्य केलं.

मी त्यांची नाडी पाहिली. पाहू दिली, हेही विशेष. गोळीची गरज पडली नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या घरी कुपा तळला. मी भोपाळहून तिरफळं आणली होती, ती हेकरूच्या कालवणात पडली. जेवणात कुणी फार बोललं नाही. रात्री माझे खांदे उचलत नव्हते. हे बाम घेऊन बसले आणि चोळता चोळता म्हणाले, "तुला खरंच धरायचा होता का ग?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि चोळत राहिले.

भोपाळला परतल्यावर तपासणीची तारीख होती. मी मनाशी वाक्यं जुळवत होते, या खेपेला मी बोलायचं असं ठरवलं होतं. पण खुर्चीवर बसल्या बसल्या ह्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं, फेरफटक्यासकट. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली आणि आम्हा दोघांनाही चांगलं दहा मिनिटं फैलावर घेतलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना गळ हातात घुसला असता तर, किनारा दोन तास दूर असताना झटका आला असता तर, आणि मला उद्देशून, तुम्ही त्या दिवशी इथेच बसला होतात ना? मी मान खाली घातली. नवी पट्टीवरची तपासणी लिहून दिली. आम्ही उठलो, दारापर्यंत गेलो.

मागून डॉक्टरांनी विचारलं, "किती किलोचा होता?"

ह्यांनी माझ्याकडे हात केला. "हिला विचारा. मासा हिचा आहे."